पर्यटन उद्योग वाढवायचा तर सरकार आणि खाजगी कंपन्यांची भागीदारी खरंच चालते का?

चालते. पण कशी चालते ते करारावर सह्या झाल्या त्या दिवशी बघू नका, पावसाळ्यातल्या आडवारी, म्हणजे शनिवार-रविवार सोडून, बघा.

आमचं घर पन्हाळ्यावर. आई तीन दरवाजाजवळ झुणका-भाकर आणि मडक्यातलं दही विकते. काही वर्षांमागं गडावर नवं स्वच्छतागृह झालं. सरकारी पैशातनं बांधलं, चालवायला ठेकेदाराला दिलं. पहिला उन्हाळा झकास गेला. फरशी चकाचक, नळाला पाणी, दारात पैसे घ्यायला पोरगा. मग पाऊस लागला, गर्दी फक्त शनिवार-रविवारी उरली आणि पोरगाही तेवढाच यायला लागला.

आषाढातल्या एका बुधवारी अंबाबाईचं दर्शन घेऊन नागपूरकडच्या बायकांची बस वर आली. धुकं, आडवा पाऊस. दाराला कुलूप, त्याच्या गंजाचं लाल पाणी दारावर ओघळलेलं. मी फोन लावला तर किल्ली खाली कोल्हापुरात. एक आजी भिंतीला टेकून नुसती डोळे मिटून उभी होती. आईनं तव्यावरची भाकरी तशीच टाकली, पिठाच्या हातानंच आजीचा दंड धरला आणि घरी घेऊन आली. मागनं सगळी बस. घरातलं बॅरल रिकामं झालं. जाताना आजी शंभराची नोट देत होती, आईनं ती परत तिच्याच पिशवीत घातली.

मी तक्रार केली. हापिसात म्हणाले, "ते ठेकेदाराकडं आहे." ठेकेदार म्हणाला, "आडवारी माणसाचा पगार निघत नाही." त्याचंही खोटं नव्हतं. पण रोज उघडं ठेवायचं आणि बंद ठेवलं तर दंड, हे करारातच नव्हतं. मग भागीदारी कसली? नफ्याचे दिवस त्याचे, तोट्याचे दिवस आमच्या आईचे!

त्या रात्री माझं आणि मामांचं वाजलं, ते अजून मिटलेलं नाही. मी म्हणालो, हे गडावरच्या बायकांच्या बचत गटाला द्या, त्या बाराही महिने इथंच असतात. मामा म्हणाले, "लेका, धंदा कंपनीनंच करावा. गटाच्या बायकांना हिशेब जमणार हाय व्हय?" मामा, केरळात कुमरकोमला 2008 पासून बायकांच्या गटांची भाजी हॉटेलं विकत घेतात. त्यांचा हिशेब जमतो, तर आमच्या बायकांचा का जमू नये?

आता देशपातळीवरचं बघू. 2018 मध्ये लाल किल्ल्याची देखभाल एका सिमेंट कंपनीला 5 वर्षांसाठी दिली, 25 कोटींचा करार. "किल्ला विकला" म्हणून केवढा गदारोळ झाला. वास्तू पुरातत्त्व खात्याकडंच होती. कंपनीकडं पाणी, स्वच्छतागृहं, दिवे, पाट्या असल्या सोयी होत्या. मला त्यात वावगं काही दिसत नाही. विचारायचं एवढंच, की त्या सोयी रोज चालू आहेत का आणि नसतील तर जाब कुणाला. कोल्हापूरकरांना हे शिकवायला नको. शहरातले रस्ते असेच खाजगी कंपनीकडनं करून घेतले, गावातल्या गावात टोल बसला, ज्येष्ठ नेते एन. डी. पाटील सरांच्या मागं अख्खं शहर रस्त्यावर उतरलं, तेव्हा कुठं 2015 च्या शेवटी टोल गेला. सह्या करताना लोकांना विचारलं नाही की असं होतं.

आता जुलै 2025 पासून पन्हाळा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे, मराठ्यांच्या 12 किल्ल्यांमध्ये. गर्दी वाढणार, नवे ठेकेही निघणार. सगळेच ठेकेदार तसले नसतात हेही खरं, आणि नुसतं सरकारी ठेवलं तर तिथंही कुलूपच बघितलंय मी. पण पुढचा करार होईल तेव्हा किल्ली गडावर राहील एवढं त्यात लिहून घ्या. बचत गटाचा अर्ज मी तयार ठेवलाय, पहिली सही आईची आहे.