प्रिंटर दिसत नाही? ड्रायव्हर नंतर, केबल आधी

ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरवरचं प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर, लगेच काढून पुन्हा टाकू नका, त्यात अख्खी संध्याकाळ जाते. तुमचा प्रिंटर ऑल-इन-वन, म्हणजे स्कॅन आणि झेरॉक्सही करणारा, आहे ना? मग कॉम्प्युटर बंद ठेवून त्यावर एक झेरॉक्स काढा. नीट निघाली, तर प्रिंटर बहुधा ठणठणीत आहे. दोष जोडणीत किंवा कॉम्प्युटरमध्ये शोधायचा.

आता यूएसबी केबल. मधला हब, एक्स्टेंशन काढा आणि कॅबिनेटच्या मागच्या पोर्टमध्ये थेट लावा. पुढचे पोर्ट आतल्या वायरने मदरबोर्डला जोडलेले असतात, ती वायर सैल असू शकते. यूएसबी 2.0 ची केबल 5 मीटरपेक्षा लांब नको. मुंबईच्या दमट हवेत पिना गंजतात, म्हणून शंका आली तर दुसरी केबल लावून बघाच. लॅमिंग्टन रोडला सहज मिळते. एवढ्यासाठी माणूस घरी बोलावून पैसे घालवू नका.

केबल लावताना विंडोजमधला डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे जोडलेल्या उपकरणांची यादी, उघडा ठेवा. यादीत काहीच हललं नाही, तर केबल किंवा पोर्ट. पिवळं चिन्ह आलं, तर बहुधा ड्रायव्हर. जुना पूर्ण काढा, कंपनीच्या साइटवरून नवा घ्या आणि केबल उपसून ठेवा. इन्स्टॉलर सांगेल तेव्हाच जोडा. ही पायरी खरंच चुकवू नका.

वायफायवर असाल, तर प्रिंटर आणि कॉम्प्युटर एकाच नेटवर्कवर हवेत. पाहुण्यांसाठीचं वेगळं गेस्ट नेटवर्क सहसा चालत नाही. बरेच घरगुती प्रिंटर फक्त 2.4 गिगाहर्ट्झचं वायफाय पकडतात, 5 चं नाही.

प्रिंटर दिसतोय, पण कागद येत नाही? विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये जाऊन प्रिंट स्पूलर, म्हणजे छपाईची रांग सांभाळणारी सर्व्हिस, रीस्टार्ट करा.