लॅटिन गद्याची सुरुवात सिसेरोने केली का? आणि कोणाकोणाला वाचावं?

नाही. रोमन वक्ता सिसेरोचा जन्म इ.स.पू. 106चा. त्याच्या शंभरेक वर्षं आधी कॅटो होऊन गेला (इ.स.पू. 234 ते 149), आणि अखंड हाती आलेलं सगळ्यात जुनं लॅटिन गद्य पुस्तक त्याचं आहे. विषय शेती, साल साधारण इ.स.पू. 160.

इतिहासाच्या एम.ए.साठी जर्मनीत लॅटिन सक्तीचं होतं. त्या वर्गात मी हेच बोललो, तर सर हसले. "ती कोबीची यादी. वाङ्मय सिसेरोपासून धरायचं." वर्गही हसला. आता कोबीचं खरं आहे, म्हातारा प्रत्येक दुखण्यावर कोबीच सांगतो. पण मी सांगलीकडचा, शेतकऱ्याच्या घरातला. मला त्यात आमच्या आबांची वही दिसली. पावाची कृती बघा: हात आणि परात नीट धुवावी, पीठ घ्यावं, थोडं थोडं पाणी घालावं, चांगलं मळावं. लॅटिनमध्ये लवातो, इंदितो, अद्दितो. आपलं 'घ्यावं-घालावं' जसंच्या तसं!

त्या रात्री आबांना फोन लावला. म्हटलं, रोममधला एक शेतकरी म्हणतो, घरधन्याचा हात विकणारा असावा, विकत घेणारा नसावा.

"शहाणा हाय. कुठल्या गावचा?"

मग त्याच्या आधीचं वाक्यही वाचून दाखवलं: म्हातारे बैल, मोडकी गाडी, म्हातारा गुलाम, आजारी गुलाम, सगळं विकून टाकावं. आबा जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "बेंदराला आपण बैलाला पुरणपोळी चारतो. ठेव फोन."

तर माणूस म्हणून कॅटो निर्दय होता, हे मान्य. आणि लॅटिन गद्यात तो अगदी पहिलाही नव्हे. रोमचा बारा पाट्यांचा कायदा इ.स.पू. 451-450चा. ग्रीक राजा पिऱ्हसशी तह करू नका म्हणून रोमन पुढारी आप्पिउस क्लाउदिउसने इ.स.पू. 280मध्ये केलेलं भाषण सिसेरोच्या काळातही लोक वाचत होते. फाबिउस पिक्तोरसारखे रोमन इतिहासकार मात्र ग्रीकमध्ये लिहायचे. लॅटिन गद्यात इतिहास पहिल्यांदा लिहिला तो कॅटोनेच. त्याचे तुकडेच उरलेत. त्यात म्हणे सेनापतींची नावं गाळली होती, पण सुरुस नावाच्या हत्तीचं दिलं होतं.

वाचायचं तर सीझरपासून सुरू करा. स्वतःबद्दल 'सीझरने अमुक केलं' असं लिहितो, पण भाषा स्वच्छ. लिव्हीच्या रोमच्या इतिहासाची 142 पुस्तकं होती, 35 उरलीत. ती पुरून उरतात. इतिहासकार टॅसिटस शेवटी, फार कमी शब्दांत फार बोलतो. व्हेसुव्हिअस ज्वालामुखीच्या उद्रेकावरची धाकट्या प्लिनीची पत्रं मधे कधीही. सिसेरोची भाषणं परीक्षेपुरती. मित्र अॅटिकसला लिहिलेली पत्रं खरी. सिसेरोची लांब वाक्यं आणि टोकाला क्रियापद याला मराठी माणसाने घाबरायचं कारण नाही.

आणि सिसेरोनेच 'ब्रुटुस' या वक्त्यांवरच्या पुस्तकात कॅटोची बाजू घेतलीय. कॅटोची दीडशेहून जास्त भाषणं शोधून वाचली म्हणतो, आणि हल्लीच्या वक्त्यांपैकी कॅटो वाचतो कोण, असं विचारतो. हे मला वर्ग संपल्यावर दोन वर्षांनी सापडलं. सरांना मेल लिहिला, मुद्दाम लॅटिनमध्ये. उत्तरात त्यांनी माझ्या व्याकरणाच्या तीन चुका दाखवल्या. कॅटोबद्दल अवाक्षर नाही.