आजोबांची जुनी फोर्ड मस्टँग गाडी विकतोयस? आधी हे वाच

भाऊ, विकण्याआधी गाडी रंगवायला काढली असशील तर पहिले त्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याला थांबव. नवीन पेंट दिसला की घेणाऱ्याला वाटतं खाली पुट्टी भरलीये, मग तो खिशातून लोहचुंबक काढून दारं तपासत बसतो, कारण पुट्टीवर चुंबक चिकटत नाही. धूळ पूस, बस झालं.

१) बोनेट उघड. डाव्या बाजूच्या आतल्या पत्र्यावर नंबर ठोकलेला असतो, त्यातलं पाचवं अक्षर इंजिन सांगते. १९६७ च्या गाडीत तिथे 'के' निघालं तर २८९ हाय-पो, म्हणजे जास्त ताकदीचं खास इंजिन, मग भावच वेगळा!

२) कागद. आरसी आजोबांच्या नावावर असंल तर आधी आरटीओत वारसाच्या नावावर कर, त्याशिवाय जाहिरात नको. ५० वर्षांवरच्या गाडीला २०२१ च्या नियमात व्हिंटेज नोंदणी मिळते, फी २० हजार, पण चेसिस, बॉडी, इंजिनात मोठे बदल चालत नाहीत, म्हणून कोणी डिझेल इंजिन बसवलं असंल तर सरळ सांगून टाक, लपत नाही ते.

३) काढलेला एकही पार्ट इतवारी बाजारातल्या भंगारात देऊ नको, तुटकी ग्रिलसुद्धा; घेणाऱ्याला मूळचे पार्ट हवे असतात.

आणि अमेरिकेतल्या लिलावाचे आकडे पाहून भाव लावू नको बाबा, त्या गाड्या दुरुस्त करून चकाचक तयार केलेल्या असतात. गंजाचे फोटो सर्वात आधी दाखव, टाइमपासवाले आपोआप गळतात.

डेट कोड (पार्टवरची बनवल्याच्या तारखेची खूण) वगैरे मग पाहू, आधी त्या नंबरचा फोटो पाठव.