बारावी झाली, आता मोठ्यांची पुस्तकं कुठून सुरू करू?

तू विचारलंयस की बारावी झाली, आत्तापर्यंत फास्टर फेणे आणि शाळेत बक्षीस मिळालेली पुस्तकंच वाचलीत, आता कॉलेज सुरू व्हायच्या आधी काय वाचू, नेमाड्यांची कोसला ही कादंबरी झेपेल का, आणि घरचे म्हणतात 'तुझ्या वयाला शोभेल असंच वाच'. या शेवटच्या वाक्यासाठी मी लिहायला बसलेय. बाकीचं जमेल तसं सांगते.

माझी बारावी १९९९ ची. आमच्या घरात वाचणारे म्हणजे अण्णा, माझे मोठे काका. त्यांचं काचेचं कपाट होतं, किल्ली त्यांच्याकडे, ते काढून देतील ते आम्ही भावंडांनी वाचायचं. दहावीपर्यंत मला त्यात काही वावगं वाटलं नाही, उलट गावात एवढी पुस्तकं फक्त आमच्याकडे म्हणून अभिमानच होता. बारावीची परीक्षा संपल्यावर मी तालुक्याच्या वाचनालयात स्वतःच्या नावाने खातं काढलं. पन्नास रुपये अनामत, ती आईने भिशीतून दिली, कुणाला न सांगता. तिसऱ्या की चौथ्या खेपेला मी बलुतं आणलं. मुद्दाम वगैरे नाही, एसटीची वेळ झालेली, समोर होतं ते घेतलं.

१९७८ चं पुस्तक, दया पवारांचं दलित आत्मकथन. दगडू पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो, म्हणजे एकाच माणसाचे दोन भाग एकमेकांशी बोलतात, आणि त्यातला शिकलेला, नोकरीवाला भाग ऐकून घेतो. मुंबईतली कावाखान्याची वस्ती, गावातली येसकरी म्हणजे महारांच्या वाट्याची गावकीची कामं, मागून आणलेली भाकरी. मी माळ्यावर बसून वाचत होते आणि अर्ध्यात आल्यावर मला आमच्या पडवीतला कप आठवला.

पडवीच्या कोनाड्यात कान तुटलेला एक कप कायम पालथा घातलेला असायचा. लाकडं फोडायला एक मामा यायचे, त्यांना त्यात चहा द्यायचा, वरून ओतायचा, मग त्यांनीच तो विसळायचा आणि परत कोनाड्यात पालथा घालायचा. मी स्वतः त्यात चहा ओतलाय, सात-आठ वर्षांची असल्यापासून. शाळेत सतरावं कलम पाठ होतं, अस्पृश्यता नष्ट झाली, पेपरात लिहून त्याचे मार्कही घेतलेले, आणि घरी आल्यावर तोच कप हातात. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे हे अठरा वर्षांत एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही. माझ्या बाकावरची मैत्रीण त्या मामांच्याच वस्तीतली होती आणि मी तिच्या घरी कधी गेले नव्हते, ती आमच्याकडे आली की पायरीवर का बसते हे तिला कधी विचारलं नव्हतं.

रात्री जेवताना मी विचारलं, तो कप बाहेर का असतो. अण्णांचा घास हातात राहिला. कुणीच काही बोललं नाही. सकाळी उठून ते माळ्यावर गेले, पुस्तक घेतलं, तालुक्याला जाऊन परत केलं, माझं खातं बंद केलं आणि अनामतीचे पन्नास रुपये आणून आईच्या हातावर ठेवले. म्हणाले, शिव्या आहेत त्यात, हे काय तिचं वय आहे? उरलेलं पुस्तक मी दीड वर्षाने डीएडच्या गावी वाचून पूर्ण केलं.

अण्णा आजही हेच म्हणतात, शिव्या होत्या म्हणून. पण शिव्या आम्ही यात्रेत ऐकत होतो, पाणवठ्यावर ऐकत होतो, बैल बुजला की खुद्द अण्णांच्या तोंडून ऐकत होतो. त्यांची हरकत त्या कपाबद्दलच्या प्रश्नाला होती. त्यामुळे 'तुझ्या वयाला शोभेल असं' असं कुणी म्हणालं की मला राग येतो तो येतोच. मत द्यायचं वय झालं, लग्नाचं वय झालं, आणि पुस्तकाचं नाही झालं? हे मला पटत नाही, पंचवीस वर्षांत पटलं नाही.

तर वाच बलुतं. त्याला जोडून स्मृतिचित्रे वाच, लक्ष्मीबाई टिळकांचं. नवरा १८९५ साली ख्रिस्ती झाला, ही बाई कर्मठ घरातली, तिच्या मनातून सोवळंओवळं आणि जातपात कशी गेली हे तिने इतकं सरळ सांगितलंय की वाचताना आपल्याच आजीशी बोलतोय असं वाटतं, आणि भाषा अजिबात जड नाही, तुला भीती वाटत असेल तर हेच आधी घे. पहिली नोकरी लागली की व्यंकटेश माडगूळकरांची बनगरवाडी. मी शिक्षणसेवक म्हणून लागले तेव्हा तीन हजार मानधन होतं आणि गाव पूर्ण अनोळखी, धनगरांच्या वाडीवर गेलेला तो पोरसवदा मास्तर मला तेव्हा खूप जवळचा वाटला, शाळेत असताना त्याचा एवढा उपयोग झाला नसता.

कोसला झेपेल का? मला अठराव्या वर्षी कंटाळा आला, पंचविशीत परत घेतलं तर खाली ठेववेना. गावाकडून पुण्याला शिकायला गेलेल्या पोराचं आहे, तू हॉस्टेलला जाणार असशील तर एक वर्ष तिथे काढ आणि मग घे. यशस्वी लोकांच्या सवयी छापाची पुस्तकं वाचू नकोस, ती वाचून वाचल्याचं समाधान मिळतं बाकी काही नाही.

दोन गोष्टी राहिल्या. बलुतं सोपं नाही, भूक आहे, मारहाण आहे, बायकांचे हाल आहेत, मन आधीच खचलेलं असेल तर थांब, नंतर वाच. आणि तू जर पायरीवर बसवलेल्यांच्या घरातली असशील तर मी वर लिहिलेलं तुला माझ्यापेक्षा जास्त माहितीय, मग मी काय वाचू ते तू सांग, मी खरंच वाचेन. अण्णांबद्दलही सांगायला हवं, मला वाचायची गोडी त्यांनीच लावली, पाचवीत असताना रोज रात्री कंदिलाजवळ बसवून मोठ्याने वाचून घ्यायचे. तरी त्या दिवशी त्यांचं चुकलंच.

घरी भांडू नकोस, त्याची गरज नाही. गावातल्या किंवा कॉलेजजवळच्या वाचनालयात जा, खातं तुझ्या नावाने काढ, अनामत तुझ्या पैशाने भर आणि पावती तुझ्याकडेच ठेव.