प्लम, गेज आणि डॅमसन: झाड घेण्याआधी खुंट विचारा

प्लम, गेज (गोल, हिरवट, गोड प्लम) आणि डॅमसन (लहान, गडद, तुरट प्लम) यांविषयी ब्रिटनमध्ये घरामागे थोडी जागा असलेल्या वाचकांची पत्रे यंदा बरीच आली. मोकळ्या मुळांची (बेअर रूट) झाडे तिथे नोव्हेंबर ते मार्च या काळात लावतात. चांगल्या जाती रोपवाटिकांतून लवकर संपतात, म्हणून मागणी ऑगस्ट-सप्टेंबरातच नोंदवलेली बरी. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहोत.

प्रश्न : मागची बाग साधारण 8 मीटर बाय 6 मीटर आहे. एकच प्लम लावायचा आहे. सगळे ‘व्हिक्टोरिया’ सुचवतात. शेजाऱ्यांचा प्लम मात्र छपरापर्यंत गेला आहे, त्याची धास्ती वाटते. (लीड्स)

शेजाऱ्यांचे झाड उंच गेले ते बहुधा खुंटामुळे, जातीमुळे नव्हे. विकत मिळणारे प्लमचे झाड बहुधा कलमी असते. वरची जात फळ ठरवते आणि खालचा खुंट उंची ठरवतो. जुन्या बागांत मायरोबलान किंवा ब्रॉम्प्टन हे जोमदार खुंट असत. त्यांवरचे झाड शिडीशिवाय आवरत नाही. आता घरगुती बागेसाठी मुख्यतः दोनच खुंट विचारात घ्यावेत. ‘सेंट ज्युलियन ए’वर झाड 4 ते 5 मीटर होते. ‘पिक्सी’वर ते 3 ते साडेतीन मीटरवर थांबते आणि फळही लवकर धरते. पण पिक्सीच्या मुळांना जोर कमी. त्याला आधाराची काठी कायमची लागते, आणि हलक्या, कोरड्या मातीत फळ बारीक राहते. तुमची माती कसदार आणि ओल धरणारी असेल तर पिक्सी घ्या, नाहीतर सेंट ज्युलियन घेऊन उन्हाळी छाटणीने आटोक्यात ठेवा. झाडाला बांधलेल्या चिठ्ठीवर खुंटाचे नाव नसेल तर ते झाड घेऊ नका, मग ते कितीही स्वस्त असो.

आता जात. व्हिक्टोरिया स्वतःच्या परागावर फळते, म्हणून एकट्या झाडाला ती सोयीची. शिवाय भरपूर लागते. परंतु ताजी खायला ती दुय्यमच, असे आमचे मत आहे. तिची खरी जागा जॅम आणि टार्टमध्ये. सिल्व्हर लीफ (पाने रुपेरी करणारी बुरशी) आणि कँकर (साल मरून खचण्याचा रोग) हे दोन्ही रोग तिला लवकर जडतात. हातात घेऊन खाण्यासाठी ‘ओपल’ पाहा. ही मूळची स्वीडनची, जुलैअखेर ते ऑगस्टच्या सुरुवातीला पिकते, एकटी फळते आणि चवीला व्हिक्टोरियापेक्षा सरस आहे. जागेवर अर्धा दिवस सावली असेल तर ‘झार’ (इंग्रजीत Czar, चिठ्ठीवर शोधताना पहिले अक्षर ‘सी’ असते) घ्या. फळ आंबट, शिजवण्याचे, पण उत्तरेच्या भिंतीलाही ते तग धरते. ‘मार्जरीज सीडलिंग’ सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात पिकते. लीड्सच्या गारठ्यात ती नीट पिकेलच असे नाही, म्हणून तुम्हाला सुचवत नाही.

लावताना खड्डा मुळांच्या खोलीएवढाच, पण रुंद घ्या. मुळे तासभर पाण्यात भिजवा. कलमाचा सांधा मातीच्या वर राहिला पाहिजे. तो गाडला गेला तर वरच्या जातीला मुळे फुटतात आणि खुंटाने उंचीवर ठेवलेला ताबा सुटतो. खड्ड्यात शेणखत भरू नका. ते वरून 7-8 सेंटिमीटर जाडीच्या आच्छादनाच्या रूपात द्या आणि खोडाला टेकू देऊ नका. पहिली तीन-चार वर्षे बुंध्याभोवती मीटरभर व्यासाचे आळे गवतमुक्त ठेवा. गवत पाणी आणि नत्र दोन्ही पळवते, आणि नवी झाडे खुरटण्यामागे बऱ्याचदा तेच असते. जिथे आधी प्लम किंवा चेरी मेली, ती जागा टाळा.

प्रश्न : ग्रीनगेज लावून पाच वर्षे झाली. एप्रिलमध्ये फुलांनी भरतो, फळ मात्र एकही नाही. दक्षिणाभिमुख विटांची भिंत रिकामी आहे, तिचा उपयोग होईल का? (रेडिंग)

तुमच्या चिठ्ठीवर ‘ओल्ड ग्रीन गेज’ असे असेल तर कारण उघड आहे: ते झाड स्वतःच्या परागावर फळत नाही. त्याला जवळपास त्याच वेळी फुलणारा दुसरा प्लम किंवा गेज हवा. ‘उलाँ गेज’ हा सोयीचा जोडीदार, तो स्वतःही एकटा फळतो. जुने झाड उपटू नका. शेजारी उलाँ लावा. जागा नसेल तर मार्चमध्ये त्याची एक-दोन कलमे तुमच्याच झाडाच्या फांद्यांवर बांधून घ्या.

गेज घेताना परागाचे गणित नीट मांडावे लागते. फुलण्याच्या काळानुसार जातींना 1 ते 5 असे गट दिलेले असतात. एकाच किंवा लगतच्या गटातील जाती एकमेकींना चालतात. पण याला अपवाद आहेत: ‘जेफरसन’ आणि ‘कोज गोल्डन ड्रॉप’ एकमेकांना पराग देऊ शकत नाहीत, दोघांचा बहर एकत्र आला तरी. ‘केंब्रिज गेज’ अंशतः स्वफलित आहे. एकटा लावला तर थोडी फळे देतो, जोडीदार मिळाला तर भरघोस. एकच गेज लावायचा असेल तर ‘डेनिस्टन्स सुपर्ब’ घ्या. ही अमेरिकेतली जात पूर्ण स्वफलित आहे, दरसाल फळते आणि थंड भागातही निभावते. चव अस्सल ग्रीनगेजच्या एक पायरी खाली, पण एकही फळ न मिळण्यापेक्षा ते बरेच.

दुसरी शक्यता दहिवराची, म्हणजे गोठलेल्या दवाची. प्लम मार्च-एप्रिलमध्ये फुलतो आणि उघडलेल्या फुलाला थोडेसे गोठणही मारक ठरते. फुलाचा मधला भाग काळा पडलेला दिसला तर समजा रात्री दहिवर लागले. थंडीचा इशारा असेल त्या रात्री झाडावर बागेची फ्लीस (हलके, पातळ कापड) टाका आणि सकाळी न विसरता काढा, नाहीतर मधमाश्या आत पोहोचत नाहीत आणि रात्री वाचवलेले फूल दिवसा वाया जाते.

भिंत मात्र सोन्यासारखी आहे. गेजला साखर भरायला ऊब लागते, आणि इंग्लंडच्या उन्हाळ्यात ती दक्षिण किंवा पश्चिम भिंतच देते. कोज गोल्डन ड्रॉपसारखी उशिरा पिकणारी जात भिंतीशिवाय घेऊच नये. भिंतीवर 30 सेंटिमीटर अंतराने आडव्या तारा ताणा, झाड भिंतीपासून 20-25 सेंटिमीटर दूर लावा आणि फांद्या पंख्यासारख्या पसरवा. सेंट ज्युलियनवरच्या पंख्याला सुमारे साडेतीन ते साडेचार मीटर रुंदी लागते. भिंतीच्या पायथ्याशी पाऊस पोहोचत नाही, तेव्हा कोरड्या आठवड्यांत पाणी द्यावेच लागते. कोरड्यानंतर एकदम पाणी दिले की फळे तडकतात.

प्रश्न : कंब्रियात राहतो. थंडी, वारा, जड चिकण माती. इथे काय लावावे? (केंडल)

डॅमसन. तुमच्या शेजारचे लिथ खोरे डॅमसनसाठीच ओळखले जाते, त्यामुळे हवामान चालेल की नाही ही शंकाच नको. प्लमपेक्षा तो थंडी आणि वारा जास्त सोसतो. पाणी साचणारी जागा मात्र त्यालाही नको. अशा ठिकाणी 30 सेंटिमीटर उंच वरंबा करून लावा.

‘श्रॉपशायर प्रून’ हा तुमच्याकडचा पारंपरिक, फळ लहान आणि चव सर्वांत गडद. ‘मेरीवेदर’चे फळ मोठे, सौम्य आणि पूर्ण पिकल्यावर झाडावरून खाण्याजोगे. दोन्ही एकटी फळतात. ‘फार्ले’ केंटचा, दाटीने लागतो, पण जवळ दुसरा प्लम असला तर उत्पन्न खरे खुलते. कुंपणात लावायचा असेल तर श्रॉपशायर प्रूनच निवडा. वारा अडतो आणि फळही मिळते.

कच्चे डॅमसन तुरट लागते, म्हणून झाड निवडण्याआधी खाण्याचा बेत ठरवा. पेक्टिन भरपूर असल्याने जॅम सहज जमतो, आणि मिरची, हिंग, गूळ घालून केलेले लोणचे करवंदाच्या लोणच्याची आठवण करून देते. बिया आधी सोडवत बसू नका. फळे थोड्या पाण्यात मऊ शिजवा, चाळणीवर घासा, बिया वर राहतात. त्या फोडून आतला गर वापरू नका. त्यातून सायनाइड तयार होते.

प्रश्न : जानेवारीत व्हिक्टोरिया छाटला. आता एका फांदीची पाने रुपेरी झाली आहेत, खोडातून डिंक येतो. झाड तोडावे का? (लेस्टर)

लगेच तोडू नका. ही सिल्व्हर लीफ बुरशी असू शकते. ताज्या जखमेतून शिरते आणि तिचे बीजाणू मुख्यतः सप्टेंबर ते मे उडतात. म्हणून प्लमची छाटणी हिवाळ्यात करायची नसते. सफरचंदाची सवय इथे नडते.

आधी खात्री करा. रोगट फांदी जिथे अंगठ्यापेक्षा जाड आहे तिथे कापा आणि कापलेला भाग ओला करा. मध्यभागी तपकिरी डाग दिसला तर रोग खरा. डाग नसेल आणि संपूर्ण झाड एकाच वेळी रुपेरी झाले असेल तर ते पाणी किंवा अन्न कमी पडल्याचे लक्षण आहे. खतपाण्याने सुधारते. खरा रोग एका फांदीपासून सुरू होतो. जून ते ऑगस्टमधल्या कोरड्या दिवशी डाग संपतो तिथून आणखी 10 ते 15 सेंटिमीटर मागे कापा. कापलेले लाकूड बागेत पडू देऊ नका, मेलेल्या लाकडावरच बुरशीची जांभळट छत्रे उगवतात. इतर झाडांच्या जखमांना आता लेप लावत नाहीत, प्लमच्या मोठ्या जखमेला मात्र लावलेला बरा. डाग मुख्य खोडात उतरला असेल तर झाड काढावे लागेल.

डिंक येणे हे स्वतंत्र लक्षण आहे. डिंकाजवळची साल खचलेली, मेलेली दिसली तर कँकर समजा आणि तो भागही त्याच उन्हाळी छाटणीत काढा. नुसता डिंक, साल धड: काळजी नको.

प्रश्न : फळांत गुलाबी अळी निघते, आणि गेल्या वर्षी फळांच्या भाराने फांदी मोडली. (मिल्टन कीन्स)

अळी प्लम मॉथची. मेच्या मध्यावर झाडात कामगंध सापळा टांगा. तो नर पकडतो. एकट्या झाडावर किडीचे प्रमाण घटते, पूर्ण थांबत नाही. वेळेआधी पिकून गळलेली फळे रोज उचला, अळ्या त्यांतच असतात.

फांदी वाचवायची तर विरळणी हवी. जूनमधली नैसर्गिक फळगळ झाली की दोन फळांत 5 ते 8 सेंटिमीटर अंतर राहील इतकी फळे काढून टाका. हात धजावत नाही, हे आम्हाला माहीत आहे. पण न विरळलेला व्हिक्टोरिया यंदा लहान बेचव फळे देतो आणि पुढच्या वर्षी सुटी घेतो.

प्रश्न : कुंडीत जमेल का? (लंडन)

जमेल. पिक्सीवरची स्वफलित जात, 45 ते 50 सेंटिमीटर व्यासाची कुंडी, मातीमिश्रित कंपोस्ट, उन्हाळ्यात रोज पाणी. दोन-तीन वर्षांनी कुंडी बदला किंवा वरची माती नवी भरा.

प्रश्न : मुलगी इंग्लंडहून येताना ग्रीनगेजची काडी आणू शकेल का? महाबळेश्वरला जमीन आहे. (पुणे)

आणू नये. आयात परवाना आणि निर्यातदार देशाचे वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र यांशिवाय कलमाची काडी भारतात आणणे 2003 च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार बेकायदा आहे. आणि आली तरी ती फळणार नाही. युरोपीय प्लम व गेजला हिवाळ्यात सुमारे 7 अंश सेल्सियसच्या खाली 700 ते 1000 तास लागतात, तेव्हा कळ्या जाग्या होतात. महाबळेश्वरची थंडी तिथवर पोहोचत नाही. झाड पाने देईल, फुले जवळजवळ नाहीत.

पुण्याच्या बाजारात येणारा आलुबुखार हिमाचलातला, बहुधा ‘सँटा रोझा’सारख्या जपानी प्लमचा. कमी थंडीच्या ‘सतलज पर्पल’ आणि ‘काला अमृतसरी’ या जाती पंजाबच्या मैदानात लावतात, पण त्यांनाही तिथल्यासारखा कडक हिवाळा लागतो. शिवाय सतलज पर्पल एकटा फळत नाही, काला अमृतसरी जोडीला हवाच. महाबळेश्वरच्या जमिनीत तुम्ही फणस, जांभूळ किंवा करवंद लावलेत तर ते फळेल.