रिमोटवर उडणाऱ्या ट्रेनर (शिकाऊंच्या) मॉडेल विमानाला फ्लोट, म्हणजे चाकांऐवजी पाण्यावर तरंगणारे लांबट तराफे, लावून तळ्यावरून उडवता येईल का? फ्लोट नेमके कुठे लावायचे?

मापं दिलीत ते बरं केलंत. वर पंख असलेलं फोमचं ट्रेनर, पंख १४०० मिमी, लांबी ११०० मिमी, वजन १.३ किलो. उडेल, आणि छान उडेल. पंख वर असले की पाण्याचे फवारे तिथपर्यंत पोचत नाहीत आणि विमान जरा कललं तरी पंखाचं टोक पाण्यात जात नाही.

फ्लोटची लांबी विमानाच्या लांबीच्या ७५ ते ८० टक्के धरा, म्हणजे तुम्हाला साधारण ८५० मिमी. रुंदी ७० आणि उंची ६५ मिमी पुरेल. हिशेब असा करायचा की दोनपैकी एकाच फ्लोटवरही अख्खं विमान तरलं पाहिजे. खऱ्या विमानांच्या फ्लोटनाही वजनापेक्षा ८० टक्के जास्तीचं तरण ठेवावंच लागतं. दोन फ्लोटमधलं अंतर पंखांच्या पाव, म्हणजे ३५० मिमी. फ्लोटची नाकं प्रोपेलरच्या थोडी पुढे आली पाहिजेत, नाहीतर प्रोपेलर पाणी उडवत बसतो. ही सगळी मापं थोडी इकडेतिकडे झाली तरी चालतं.

चालत नाही ते पायरीच्या बाबतीत. फ्लोटच्या तळाला मध्याच्या आसपास ८-१० मिमीची एक पायरी असते, तिला स्टेप म्हणतात. ती विमानाच्या सीजीच्या, म्हणजे विमान ज्या बिंदूवर समतोल राहतं त्याच्या, १० ते १५ मिमी मागे यायला हवी. फार मागे गेली तर एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची फळी) कितीही ओढा, नाक वर येत नाही आणि विमान पाण्यावर नुसतं धावत राहतं. सीजीच्या पुढे गेली तर विमान घोड्यासारखं उसळ्या मारतं, वेग पुरेसा नसताना हवेत फेकलं जातं आणि तिथेच स्टॉल होतं, म्हणजे पंखांची उचल संपून कोसळतं. फ्लोट बसवल्यावर सीजी सरकतो, म्हणून आधी सगळं जोडून, बॅटरीसकट तोलून बघा आणि मग पायरीची जागा ठरवा. मी फ्लोटवरच्या प्लायच्या पट्टीत लांबट खाचा ठेवतो, म्हणजे स्क्रू सैल करून फ्लोट दोन सेंटिमीटर पुढेमागे सरकवता येतात.

पायरीची कड मात्र धारदार हवी. हे मी एक अख्खा हिवाळा घालवून शिकलो. माझे पहिले फ्लोट गरम तारेने कापलेल्या थर्माकोलचे होते. पॉलिश पेपरने घासून घासून मी ते इतके गुळगुळीत केले की पायरीची कडही गोल झाली, आणि वरून पॅकिंग टेप लावली. पूर्ण थ्रॉटल (मोटरची ताकद) देऊन विमान तळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावायचं, पण पाणी सोडायचं नाही. मोठा प्रोपेलर लावला, मोटर बदलली, फरक शून्य. शेवटी आमच्यातल्या एका जुन्या उडवणाऱ्यांनी कडेवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "चहाची किटली कधी गळते?" चोचीची कड बोथट असली की चहा कपात न पडता चोचीला चिकटून खाली ओघळतो. पाणी फ्लोटलाही तसंच चिकटतं आणि मागचा भाग खाली ओढून धरतं. कडेला एक मिलिमीटर जाडीची प्लास्टिकची पट्टी, किंचित बाहेर काढून, इपॉक्सीने चिकटवली. पुढच्याच धावेत वीस-पंचवीस मीटरमध्ये विमान सुटलं. तो क्षण मी अजून विसरलेलो नाही. तळाच्या दोन्ही बाजूंच्या कडाही अशाच टोकदार ठेवा. फेविक्विक मात्र थर्माकोलला लावू नका, ते थर्माकोल खातं.

कोनही तपासा. फ्लोटचा वरचा पृष्ठभाग सपाट धरला तर पंखाला दोन ते तीन अंश चढ हवा. मोबाइलमधल्या लेव्हलने हे घरीच मोजता येतं. फ्लोट विमानाला जोडणारे पाय पियानो वायरचे, म्हणजे कडक पोलादी तारेचे करा, दोन्ही फ्लोट एकमेकांना अगदी समांतर ठेवा आणि तिरपे ताणही द्या, नाहीतर धावताना विमान एका बाजूला ओढतं. फ्लोटमुळे सीजीच्या पुढे बाजूचं क्षेत्रफळ वाढतं आणि विमान हवेत शेपूट हलवायला लागतं. शेपटीखाली तळहाताएवढा एक जादा फिन (उभी पट्टी) लावला की ते थांबतं. एका फ्लोटच्या मागे पाण्यातलं छोटं रडर (सुकाणू) जोडा, त्याशिवाय वाऱ्यात वळता येत नाही. फ्लोट आणि पायांचं मिळून तीनेकशे ग्रॅम वाढेल, तेव्हा किलोमागे २५० वॉटच्या आसपास ताकद असू द्या.

ब्रशलेस मोटर गोड्या पाण्यात भिजली तरी सहसा काही होत नाही. नंतर बेअरिंगला तेलाचा थेंब द्या. रिसीव्हर (रिमोटचे संदेश घेणारा विमानातला भाग) फुग्यात घालून तोंड झिप टायने बांधा. खाडीवर जाऊ नका, खारं पाणी सर्किट खाऊन टाकतं.

उडवताना वाऱ्याला तोंड द्या, एलिव्हेटर वर ओढून हळूहळू थ्रॉटल वाढवा. नाक उचलून विमान पायरीवर आलं, म्हणजे पाण्यावरून घसरत धावू लागलं, की एलिव्हेटर सोडा, वेग घेऊ द्या, मग अलगद ओढा. पाणी आरशासारखं शांत असेल तर आधी एक फेरी मारून लाटा करा, तरंगांवरून विमान लवकर सुटतं. उतरताना थोडा थ्रॉटल ठेवूनच सपाट टेका.

जागा निवडताना जलपर्णी नसलेलं तळं बघा, ती पाण्यातल्या रडरला अडकते. ड्रोनसाठीच्या सरकारी ‘डिजिटल स्काय’ संकेतस्थळाच्या नकाशावर तो भाग हिरव्या, म्हणजे उडवायला वेगळी परवानगी न लागणाऱ्या विभागात आहे का पाहा, आणि धरणाचं पाणी असेल तर परवानगी घेतल्याशिवाय उतरू नका. विमान मध्येच बंद पडलं तर त्याच्यामागे पोहत जाऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. गळाच्या काठीच्या दोरीला टेनिस बॉल बांधून न्या. तो विमानाच्या पलीकडे फेकून दोरी फ्लोटवर अडकवायची आणि सावकाश ओढून घ्यायचं. दोरी पोचत नसेल तर थांबा. बहुतेक वेळा वाराच विमान काठाला आणून देतो.