लेक फ्रीलान्स डिझाईन करतीये, पण तिचं काम तपासतंय कोण?

ताई नमस्कार, तुमचं पत्र दोनदा वाचलं. बाकीच्या पालकांनाही कळावं म्हणून थोडक्यात सांगते. धायरीच्या या ताईंची मुलगी बीकॉम झालीये आणि गेले आठ महिने घरातूनच ग्राफिक डिझाईनची कामं करतीये, सगळं युट्यूबवर बघून शिकलीये, महिन्याला कधी चार हजार मिळतात कधी काहीच नाही. ताई विचारतात की असं घरात बसून करिअर होतं का, आणि डेक्कनच्या एका क्लासने वर्षाच्या कोर्सचे १ लाख २० हजार सांगितलेत ते भरायचे का.

होतं, नक्की होतं. पण आत्ता ती ज्या पद्धतीने करतीये तसं नाही, आणि यात तिचा आळस किंवा तुमचं दुर्लक्ष असं काही नाहीये. अडचण वेगळीच आहे, तिचं काम तपासणारं कुणीच नाही.

तुम्ही तिच्या कामाचे फोटो पाठवलेत ते मी मोठे करून बघितले. मिसळवाल्याचा लोगो चांगला जमलाय, रंगाची समज आहे पोरीला, हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीये. पण मंडळाच्या अहवालाचं आतलं पान बघा. अक्षरं धूसर दिसतायत, शिरोरेषेला बारीक लालसर निळसर सावली आलीये. तुम्ही लिहिलंय की प्रेसवाल्याने खराब छापलं आणि मंडळाने हजार रुपये कापले. ताई, मला वाटतं यात प्रेसपेक्षा फाईलची चूक जास्त आहे. स्क्रीनवरचा काळा आरजीबी म्हणजे लाल-हिरव्या-निळ्या प्रकाशाच्या पद्धतीतला असतो, तो छपाईसाठी सीएमवायके म्हणजे निळसर, गुलाबी, पिवळी आणि काळी या चार शायांच्या पद्धतीत बदलला की एकट्या काळ्या शाईचा राहत नाही, चारही शाया मिळून तयार होतो. मग दर शाईची एक अशा चार प्लेट एकावर एक अगदी केसभरही न सरकता बसायला लागतात, आणि एवढ्या बारीक मजकुरात जरा सरकलं की दिसतंच. म्हणून मजकूर फक्त काळ्या शाईत १०० टक्के ठेवायचा, बाकी तिन्ही शून्य. प्रेसमधल्या डीटीपी करणाऱ्या माणसाने हे तिला दोन मिनिटांत दाखवलं असतं, पण तिने पीडीएफ व्हॉट्सॅपवर पाठवली आणि थेट गठ्ठे आले!

त्याच पानावर 'प्रसिद्धी प्रमुख'मध्ये वेलांटी 'स'च्या पुढे जाऊन पडलीये आणि जोडाक्षर सुटलंय, 'वर्गणी'चा रफार पण तुटलाय. तिला शुद्धलेखन येत नाही असं मुळीच नाही, इलस्ट्रेटर या डिझाईनच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइपच्या प्रेफरन्समध्ये इंडिक ऑप्शन्स चालू करून पॅराग्राफ पॅनलमध्ये साउथ एशियन कंपोझर निवडला नाही की मराठीचं हे असं होतं. इंग्रजी युट्यूब व्हिडिओत हे कोण सांगणार, त्यांना वेलांटी लावायचीच नसते. आणि आपल्याकडच्या प्रेसमध्ये अजूनही भरपूर मजकूर श्रीलिपीत येतो, ते पुण्याच्याच कंपनीचं सॉफ्टवेअर आहे, तो मजकूर तसाच युनिकोड म्हणजे मोबाईल-इंटरनेटवर चालतो तसल्या फॉन्टमध्ये टाकला तर नुसती भलतीच अक्षरं दिसतात, कन्व्हर्ट करून घ्यावा लागतो. ज्याला हे नीट येतं त्याला पुण्यात काम कमी पडत नाही. कॅनव्हा या तयार डिझाईनच्या वेबसाइटवर दुकानदार दिवाळीची पोस्ट आता स्वतःच करतो, त्यामुळे दोनशे रुपयांच्या पोस्टची कामं आणखी कमी होणार हे धरूनच चाला, पण चोवीस पानी मराठी अहवाल छपाईला तयार करून देणं त्याला जमत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की आठ-दहा महिने तिने एखाद्या प्रेसमध्ये नाहीतर छोट्या स्टुडिओत जावं. नारायण पेठ, शनिवार पेठेत गल्लीगल्लीत प्रेस आहेत, आणि गणपतीच्या आधी दोन महिने अहवाल, पावतीपुस्तकं, बॅनर यांची इतकी गर्दी असते की हाताशी माणूस हवाच असतो. पगार थोडा मिळेल, सुरुवातीला दिवसभर नुसती प्रूफं दुरुस्त करत बसवतील, तरी जाऊ द्या. तिथे ती कागद हातात घेऊन बघेल, १३० जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) आर्टपेपर हाताला कसा लागतो आणि ३०० जीएसएमचं कार्ड क्रीझिंग न करता, म्हणजे घडीची रेघ आधी दाबून न घेता दुमडलं तर कसं फाटतं, कडेला ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारा जादा भाग, का सोडायचं, सेंटर पिनच्या, म्हणजे मधोमध पिन मारलेल्या पुस्तिकेची पानं चारच्या पटीतच का लागतात. आणि सगळ्यात मोठं म्हणजे कुणीतरी तिच्या खांद्यावरून वाकून म्हणेल, अगं हे काय केलंयस. नोकरीत ते आपोआप मिळतं, फ्रीलान्सला तसं म्हणणारा माणूस मुद्दाम शोधावा लागतो. घरची दोन चांगली गिऱ्हाईकं मात्र सोडायची नाहीत, संध्याकाळी करावीत.

क्लासचं म्हणाल तर लगेच पैसे भरू नका. आधी जाऊन विचारा की एका बॅचला किती मुलं, प्रत्येकाचं काम कोण बघतं, आठवड्यातून किती वेळा, आणि जुन्या मुलांचं छापून आलेलं काम दाखवा म्हणावं, स्क्रीनवरचं नको. नुसती सॉफ्टवेअरची यादी आणि १००% जॉब गॅरंटी एवढंच ऐकवलं तर परत या. तिला पाया पक्का करायचाच असेल तर अभिनव कला महाविद्यालयासारख्या ठिकाणी अप्लाइड आर्टची चार वर्षांची पदवी असते, पण बीकॉमनंतर परत चार वर्षं हा निर्णय घरच्या परिस्थितीवर आहे, मी तिच्यावर लादणार नाही.

आता पैशाचं. मिसळवाल्याच्या लोगोचे ५०० रुपये आणि चौदा वेळा बदल, हे वाचून मला खरंच वाईट वाटलं. पंधरा तास धरले तरी तासाला तेहतीस रुपये होतात ताई. तिला सांगा, निम्मे पैसे आधी, बदल दोनदा, तिसऱ्या बदलाचे वेगळे, ओपन फाईल, म्हणजे बदल करता येतात ती मूळ फाईल, पूर्ण पैसे आल्यावरच, आणि हे काम सुरू व्हायच्या आधी लिहून पाठवायचं, तोंडी नाही. 'जीएसटी नंबर नाही मग बिल कसलं' असं कुणी म्हटलं तर घाबरायचं नाही, सेवा देणाऱ्याला साधारणपणे वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही, साधं बिल चालतं. कंपनीची कामं यायला लागली की उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, मात्र करून घ्या, सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅनवर फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. ती आधीच झालेली असेल तर कायद्याप्रमाणे काम घेणाऱ्याला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर केला तर व्याजासकट. कॅफेवाला तीन महिने फिरवतोय म्हणालात, त्याच्यासाठी आता उशीर झालाय, त्याच्याकडे तिने स्वतः जाऊन बसावं, तुम्ही बरोबर जाऊ नका, क्लायंटसमोर आई आली की पुढच्या वेळी तो तिच्याशी बोलणारच नाही.

या आठवड्यात एवढं करा. अहवालाची छापील प्रत आणि मूळ फाईल पेनड्राइव्हवर घेऊन तिला त्याच प्रेसमध्ये पाठवा, सकाळी लवकर, मशीनवर गर्दी व्हायच्या आत. भांडायला नाही, काका यात माझं काय चुकलं ते दाखवता का, एवढंच विचारायला. काय म्हणाले ते मला तिलाच लिहायला सांगा.